हवेच्या प्रशिक्षणाची समिती : सोळा महिन्यांची एक नस्ती

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका महापालिकेतून फोन आला. बोलणारी मुलगी पर्यावरण विभागात नुकतीच रुजू झालेली. "मॅडम, हवा गुणवत्तेच्या प्रशिक्षणासाठी मार्गदर्शन समिती नेमायची आहे. तुमचा आदेश नमुना म्हणून मिळेल का?" पाठवला. दोन पानांचाच आहे. पण फोन ठेवल्यावर चैन पडेना. त्या दोन पानांमागे पाच महिन्यांची नस्ती, म्हणजे फाइल, आहे, पुढे अकरा महिन्यांचं काम आहे, आणि त्यातलं काहीच आदेशात दिसत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहराच्या महापालिकेत उपअभियंता आहे. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. आम्ही सगळे त्याला एनकॅपच म्हणतो. त्यात राज्यातली १९ शहरं आहेत, आमचं त्यांपैकी एक. २०१७-१८ च्या तुलनेत २०२५-२६ पर्यंत पीएम १० म्हणजे धूलिकण ४० टक्क्यांनी कमी करायचे, असं उद्दिष्ट. शहराच्या कृती आराखड्यात रस्ते झाडायची यंत्रं, कारंजी, झाडं यांच्याबरोबर एक ओळ असते : क्षमता बांधणी, म्हणजे कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. आमच्याकडे ती ओळ अनेक वर्षं नुसतीच होती.

८ जुलै २०२४, सोमवार. टपालात वरिष्ठ कार्यालयाचं पत्र आलं. हवा गुणवत्तेसंबंधी काम करणाऱ्या सर्व विभागांचं वार्षिक प्रशिक्षण वेळापत्रक सादर करा. त्यावर आयुक्तांचा हिरव्या शाईतला शेरा : "समिती गठित करून १५ दिवसांत प्रस्ताव." आदेश निघाला २ डिसेंबरला.

पहिला प्रस्ताव मी एका दिवसात लिहिला. दुसऱ्या एका विषयाच्या जुन्या समितीची टिपणी घेतली, विषय बदलला, सगळ्या खातेप्रमुखांची नावं घातली. चौदा नावं झाली. नस्ती नऊ टेबलांवरून फिरून ३१ जुलैला परत आली. लेखा विभागाचा शेरा होता : "शहरस्तरीय अंमलबजावणी समिती अस्तित्वात असताना स्वतंत्र समितीची आवश्यकता काय? कार्यकक्षा स्पष्ट करावी."

मला राग आला. दोन दिवस नस्ती कपाटावर ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर शेरा पुन्हा वाचला आणि लक्षात आलं की याचं उत्तर माझ्याकडे खरोखरच नाही. ही समिती नेमकं काय ठरवणार हे मलाच माहीत नव्हतं.

त्या रात्री चार ओळी लिहिल्या. समितीने ठरवायचं : कुणाला शिकवायचं. शिकून झाल्यावर त्यांना कामावर काय करता आलं पाहिजे. ते करतात की नाही हे कधी आणि कसं बघायचं. आणि शिकवणार कोण. शिकवणारा मुद्दाम शेवटी ठेवला. आमच्याकडे प्रशिक्षण म्हटलं की पहिला प्रश्न "कुणाला बोलवायचं?" हा असतो, आणि एकदा पाहुणा ठरला की त्याच्याकडे जो विषय तयार असेल तोच आमचा विषय होतो. त्याखाली पाचवी ओळ जोडली : समिती खरेदीचे निर्णय घेणार नाही आणि कामांचा आढावा घेणार नाही. या एका ओळीने पुढे किती वेळ वाचवला ते सांगता येत नाही. तुम्ही प्रस्ताव करत असाल तर समिती काय करणार नाही हे आधी लिहा. लेखा विभागाची अर्धी शंका तिथेच मिटते.

मग सदस्य. हवा बिघडवणाऱ्या गोष्टी शहरभर पसरलेल्या असतात आणि त्यांच्यावरचे अधिकार दहा कार्यालयांत वाटलेले असतात. कचरा जाळला तर घनकचरा विभाग, बांधकामाची धूळ उडाली तर नगररचना आणि बांधकाम, सुकी पानं उद्यान विभागाची, डंपिंग ग्राउंडला आग लागली तर अग्निशमन. धुराडी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, वाहनांचा धूर परिवहन कार्यालयाकडे, चौकातली कोंडी वाहतूक पोलिसांकडे. चौदा नावांची यादी मोडून तेरा पदांची केली : अध्यक्ष अतिरिक्त आयुक्त, पालिकेचे सहा विभाग, बाहेरची तीन कार्यालयं, अभियांत्रिकी महाविद्यालयातले एक प्राध्यापक, वैद्यकीय महाविद्यालयातल्या छातीविकार विभागाच्या एक डॉक्टर, आणि सदस्य सचिव म्हणून मी. छातीविकाराच्या डॉक्टरांबद्दल दोघांनी विचारलं, यांचा प्रशिक्षणाशी काय संबंध? पुढे सगळ्यात जास्त ऐकलं गेलं ते त्यांचंच. हिवाळ्यात त्यांच्या ओपीडीत कोणत्या भागातून माणसं जास्त येतात हे त्या नकाशावर बोट ठेवून सांगायच्या.

बाहेरच्या कार्यालयांना पत्र पाठवताना मी पहिली चूक केली. साधं पत्र माझ्या सहीने पाठवलं. एका कार्यालयाचं उत्तर अकरा दिवसांत आलं, बाकीच्यांचं येईना. दोन स्मरणपत्रं गेली. शेवटी आवक-जावकच्या बाईंनी सांगितलं, "मॅडम, आयुक्तांच्या सहीचं अर्धशासकीय पत्र पाठवा, ते साहेबांच्या टेबलावर जातं. हे आमच्यासारख्यांच्या टेबलावर पडतं." तसं केलं आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिन्ही संमती आल्या. पत्रात दोन गोष्टी मागून घ्या : सदस्याचं पदनाम (व्यक्तीचं नाव नको, बदली झाली की आदेश पुन्हा काढावा लागतो) आणि एक पर्यायी प्रतिनिधी, लेखी. नाहीतर प्रत्येक बैठकीला नवा चेहरा येतो आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगत बसावं लागतं.

याच सुमारास आणखी एक प्रसंग घडला. हवामापनाचे सेन्सर विकणाऱ्या एका कंपनीचा प्रतिनिधी भेटायला आला. त्याचं म्हणणं, आमचे तज्ज्ञ समितीवर घ्या, प्रशिक्षण मोफत देऊ, जेवणसुद्धा आमच्याकडून. तेव्हा माझ्याकडे एका रुपयाची तरतूद नव्हती, त्यामुळे मोह झाला हे कबूल करते. अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, "ज्याचं यंत्र उद्या आपण घेऊ किंवा नाकारू, त्याच्याकडून आज शिकायचं कसं?" नकार कळवला. त्यानंतर सर्व सदस्यांकडून एक परिच्छेदाचं घोषणापत्र घेतलं, की हवामापन किंवा प्रदूषण नियंत्रणाची उपकरणं विकणाऱ्यांशी आपला आर्थिक संबंध नाही. प्राध्यापक महाशयांनी स्वतःहून लिहून दिलं की त्यांच्या विभागाने एका कारखान्यासाठी सल्लागाराचं काम केलंय. ते लपलं नाही म्हणून काही बिघडलंही नाही. उद्योगांवरच्या सत्राचा विषय निघाला की ते मत देत नसत.

आदेशाचा मसुदा १४ ऑक्टोबरला सहीसाठी गेला. १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. आस्थापना विभागाने नस्ती ठेवून घेतली. मसुदा एक दिवस आधी गेला असता तर, असं चार दिवस मनात चालू होतं. शिवाय आमच्यातल्या निम्म्या लोकांना निवडणुकीच्या ड्युट्या लागल्या. मतदान २० नोव्हेंबरला, मोजणी २३ ला. म्हणजे सव्वा महिना हातात काही नाही.

त्या सव्वा महिन्यात जे झालं, त्याने सगळ्या कामाची दिशा बदलली.

प्रशिक्षणाची गरज निश्चित करण्यासाठी मी आधी एक प्रश्नावली वाटली होती. ४६ परत आल्या. त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी अकराच्या अकरा विषयांपुढे बरोबरची खूण केली होती. वरिष्ठांकडून आलेला कागद, त्यात "गरज नाही" कोण लिहिणार? तेव्हा ठरवलं की आपण स्वतः कामावर जाऊन बघायचं. दिवाळीनंतर रोज पहाटे साडेपाचला निघायचं, नऊला ऑफिसात यायचं.

पहिल्या आठवड्यात एका स्वच्छता निरीक्षकांबरोबर फिरले. बाजारामागच्या गल्लीत एका दुकानदाराने पुठ्ठे आणि प्लास्टिक पेटवलं होतं. निरीक्षकांनी ते विझवायला लावलं, पावतीपुस्तक काढलं आणि थांबले. कोणत्या कलमाखाली लिहायचं? उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये ५,००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये अशी भरपाई सांगितली आहे. पालिकेच्या उपविधीत वेगळी रक्कम. त्यांच्या पुस्तकात छापलेली तिसरीच. शेवटी त्यांनी १०० रुपयांची "घाण केल्याबद्दल" पावती फाडली. बारा वर्षं नोकरी झालेला, पहाटे पाचला रस्त्यावर असणारा माणूस. त्याला ज्वलनाचं रसायनशास्त्र नको होतं. पावतीवर काय लिहायचं ते हवं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मापन केंद्रावर गेले. आमच्या शहरात स्वयंचलित केंद्रं आता आली आहेत, पण जुनी हातमापनाची केंद्रंही चालू आहेत. एका शाळेच्या गच्चीवर सॅम्पलर आहे, म्हणजे हवा ओढून तिच्यातली धूळ कागदावर जमवणारं यंत्र. आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ दिवस, दर आठ तासांनी कागद बदलायचा : सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. हे काम करतात त्यांना सगळे मामा म्हणतात. मी सहा वर्षं त्यांच्या केंद्राच्या मासिक तक्त्यांवर सही केली आहे. कागद बदलताना मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

अजून उजाडलं नव्हतं. मामांनी मोबाइल टॉर्च लावून दातात धरला, सॅम्पलरचं झाकण उघडलं, चौकटीचे चार विंग नट सोडवले. आठ बाय दहा इंचांचा काचतंतूंचा पांढरा कागद रात्रभरात राखाडी झाला होता, आणि कडेला जिथे रबराची पट्टी दाबते तिथे चिकटला होता. मामांनी नखाने हलकेच सोडवला, तरी एका कोपऱ्याचा तुकडा पट्टीलाच राहिला. नखाएवढा. त्यांनी फुंकर मारून तो उडवून दिला, कागद धूळ आत राहील असा दुमडला आणि पाकिटात घातला. वायू शोषणाऱ्या नळ्यांच्या पेटीत थर्मासमधला बर्फ भरला. "नट जरा जास्त आवळला की असं होतं," ते म्हणाले. "कमी आवळला तर बाजूनं हवा शिरते. कुणी शिकवलं नाही. हातानंच कळायला लागलं."

मी तिथेच गच्चीच्या कठड्यावर वहीत हिशोब केला. सॅम्पलर मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा ओढतो. आठ तासांत ५२८ घनमीटर. पीएम १० ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे हवा अगदी मर्यादेवर असेल तर आठ तासांत कागदावर धूळ साठणार जेमतेम ५३ मिलिग्रॅम. ही धूळ कळते ती कागदाच्या आधीच्या आणि नंतरच्या वजनातल्या फरकावरून, आणि त्या कागदाच्या एका चौरस सेंटिमीटरचं स्वतःचंच वजन पाच मिलिग्रॅमच्या वर. मामांनी उडवलेला तो तुकडा म्हणजे घनमीटरमागे दहा मायक्रोग्रॅम. ११० चे १०० होतात. मर्यादा ओलांडलेली पाळी मर्यादेत दिसते.

घरी येताना रिक्षात रडू आलं. सहा वर्षं मी ज्या आकड्यांखाली सही केली त्यांपैकी किती असे होते कुणास ठाऊक. मामांचा त्यात काडीचा दोष नव्हता. त्यांना चिमटा कधी दिला नव्हता, तुकडा सुटला तर तोही पाकिटात टाका आणि वहीत नोंदवा, हे कधी सांगितलं नव्हतं. आणि मी नेमत असलेल्या तेरा जणांच्या समितीत त्यांच्यासारखं एकही माणूस नव्हतं.

आचारसंहिता उठली. २ डिसेंबरला आदेश निघाला. मामांचं नाव घालायला उशीर झाला होता, नाहीतर नस्ती पुन्हा नऊ टेबलं फिरली असती. पण आदेशात "अध्यक्षांच्या परवानगीने विशेष निमंत्रित" अशी सोय होती. तुमच्या आदेशात हे वाक्य असू द्याच.

पहिली बैठक १२ डिसेंबरला ठेवली. गणपूर्ती सात, आले सहा. चाळीस मिनिटं वाट पाहिली, चहा झाला, बैठक तहकूब. ४२० रुपयांचं चहा-बिस्किटाचं बिल मी खिशातून दिलं, कारण न झालेल्या बैठकीचं बिल लावायचं कसं हे कुणाला सांगता येईना. तेव्हापासून बैठकीच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना स्वतः फोन करते. पत्र पोचलेलं असतं, पण फोनशिवाय माणूस येत नाही.

१९ डिसेंबरला दहा जण आले. विषयपत्रिकेवरचा पहिला विषय कार्यकक्षा होता, पण पाच मिनिटांत चर्चा पाहुण्यांच्या नावांवर गेली. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतून कुणाला बोलवायचं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतून कुणी येईल का. मग कुणीतरी स्वच्छ वायू सर्वेक्षणाचा विषय काढला. २०२३ मध्ये अमरावती तीन ते दहा लाखांच्या गटात देशात पहिली आली, आपण कधी येणार? ही चर्चाही मनापासूनच चालली होती, ती थांबवणं मला अवघड गेलं. शेवटी अध्यक्षांच्या कानात सांगितलं आणि बाहेर बसलेल्या मामांना आत बोलावलं.

एका सदस्यांनी हळू आवाजात विचारलं, "वर्ग चारचे कर्मचारी समितीच्या बैठकीत?" अध्यक्ष म्हणाले, "विशेष निमंत्रित आहेत. बसा मामा." मामा बसले नाहीत. सोबत आणलेली सॅम्पलरची चौकट टेबलावर ठेवली, एक वापरलेला कागद लावला, नट आवळले आणि शहर अभियंत्यांना म्हणाले, "साहेब, आता तुम्ही काढा." साहेबांनी काढला. कोपरा तुटला. मी फळ्यावर तो पाच मिलिग्रॅमचा हिशोब मांडला. मिनिटभर कुणी काही बोललं नाही. मग डॉक्टर म्हणाल्या, "मग आपण सुरुवात इथूनच करायला हवी ना?"

त्या बैठकीच्या इतिवृत्तात ठराव क्रमांक २ असा आहे : प्रत्येक प्रशिक्षणाचा आराखडा मंजुरीपूर्वी ते काम प्रत्यक्ष करणाऱ्या किमान दोन कर्मचाऱ्यांना दाखवावा आणि त्यांचं म्हणणं टिपणीत नोंदवावं. सोळा महिन्यांत आम्ही जे काही केलं त्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

जानेवारीत दोन बैठका झाल्या, त्यांत अभ्यासक्रम ठरला. तपशिलात फार जात नाही, पण विभागणी सांगते. प्रत्यक्ष कामावरच्यांसाठी अर्धा दिवस, त्यांच्याच कामाच्या जागी, पूर्ण मराठीत. निरीक्षक आणि कनिष्ठ अभियंत्यांसाठी दोन दिवस : पहिला दिवस नियम आणि पंचनामा, दुसरा दिवस एका चालू बांधकामावर. तिथे पत्र्यांची उंची मोजायची, डंपरवर ताडपत्री आहे का बघायचं, बाहेर पडणाऱ्या गाडीची चाकं धुतली जातात का बघायचं, सगळं तपासणीच्या नमुन्यात भरायचं. मुंबई महापालिकेने २५ ऑक्टोबर २०२३ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचना आम्ही वाचनासाठी घेतल्या. ७० मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती ३५ फुटी पत्रे, हे वाचून आमच्या एका अभियंत्याने विचारलं, आपल्याकडे तर दहा फुटीसुद्धा नसतात, पावतीवर लिहू का? त्यावर अर्धा तास चर्चा झाली. आपल्या परवानगीपत्रातच अट नसेल तर पावती टिकत नाही, हे नगररचनाच्या सदस्यांनी समजावलं, आणि पुढच्या महिन्यात परवानगीच्या नमुन्यात अटी घालण्याचा प्रस्तावही त्यांनीच ठेवला.

अधिकाऱ्यांसाठी फक्त तीन तास. त्यातला एक तास हवा गुणवत्ता निर्देशांकावर, म्हणजे एक्यूआयवर. आमच्याच कार्यालयातून दिवाळीत एका तासाचा आकडा "आजचा एक्यूआय" म्हणून प्रसिद्ध झाला होता. दिवसाच्या निर्देशांकाला किमान तीन प्रदूषकांची मोजणी लागते, त्यात पीएम १० किंवा पीएम २.५ (त्याहून बारीक धूलिकण) असावंच लागतं, आणि किमान सोळा तासांची माहिती लागते. हे माहीत नसल्याने एका संध्याकाळीच शहरभर घबराट झाली आणि दुसऱ्या दिवशी खुलासा करावा लागला.

आता पैसे. मी अंदाज दिला ४ लाख ६० हजारांचा. मंजूर झाले २ लाख ८५ हजार. आमच्याकडे तेव्हा प्रशासकीय राजवट होती, त्यामुळे स्थायी समितीची वाट पाहावी लागली नाही, तरी नस्ती अडकली ती दोन ठिकाणी. एक, पहिल्या टिपणीत लेखाशीर्ष लिहिलं नव्हतं. एनकॅपच्या निधीतून क्षमता बांधणीचा खर्च करता येतो, पण तो कोणत्या शीर्षाखाली नोंदवायचा हे लिहिल्याशिवाय कुणी सही करत नाही. दोन, व्याख्यात्यांचं मानधन. "कोणत्या आधारे?" असा शेरा आला. शासकीय प्रशिक्षण संस्थांत चालणाऱ्या दरांची प्रत मिळवून जोडली तेव्हा सुटला. त्या प्रतीसाठी अठरा दिवस गेले. तुम्ही पहिल्याच दिवशी मागवून ठेवा. कपात झाली ती सभागृह आणि जेवणाच्या खर्चात. सभागृहाऐवजी पालिकेच्या शाळेचा वर्ग घेतला आणि त्याने काही अडलं नाही. चिमटे, पाकिटं, सुटे रबरी गास्केट आणि छापील मराठी पुस्तिका यांचे ६१ हजार मात्र मी सोडले नाहीत.

पहिली तुकडी २४ आणि २५ फेब्रुवारी २०२५. चाळीस जणांना आदेश, आले चौतीस. पहिला दिवस बिघडला. बाहेरून आलेले व्याख्याते विद्वान होते, पण सगळ्या स्लाइड इंग्रजीत आणि धुराडीतून निघालेला धूर वाऱ्याबरोबर कसा पसरतो याची समीकरणं. जेवणानंतर मागच्या दोन रांगा झोपल्या. दोष त्यांचा नव्हता. त्यांना विषय देताना समोर कोण बसणार आहे हे मी फोनवर एका वाक्यात सांगितलं होतं. ठराव क्रमांक २ मीच लिहिला आणि पहिल्याच तुकडीत मीच तो पाळला नाही. रात्री आम्ही तिघं बसलो आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ बदलली : पावतीपुस्तक, उपविधी, लवादाची रक्कम, आणि त्या बाजारातल्या प्रसंगाची नक्कल. एक निरीक्षक दुकानदार झाला, दुसरा निरीक्षकच राहिला. भांडण इतकं खरं रंगलं की शेजारच्या वर्गातले शिक्षक बघायला आले. शेवटी पावतीवर लिहायचं वाक्य सगळ्यांनी मिळून ठरवलं. ते आता पुस्तिकेच्या आतल्या पानावर छापलेलं आहे.

मार्चमध्ये आणखी दोन तुकड्या झाल्या, आणि ३१ मार्चच्या आधी सगळी बिलं लावली. त्याचं श्रेय आमच्या लिपिक भाऊंना. त्यांनी १० मार्चपासून रोज माझ्या टेबलाजवळ येऊन "आज कोणतं बिल?" एवढंच विचारलं.

प्रशिक्षणानंतरच्या चाचणीत सगळ्यांचे गुण वाढले. समितीत ते वाचून दाखवल्यावर प्राध्यापक म्हणाले की त्याच दिवशी विचारलेलं सगळ्यांनाच आठवतं. तीन महिन्यांनी कामावर जाऊन बघायचं असं ठरलं होतं. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात दौरे लावले आणि २०२५ चा मान्सून राज्यात लवकर आला. २६ मे रोजी तो मुंबईत पोचला, आमच्याकडे त्याआधीपासूनच पाऊस चालू होता. ओल्या शहरात धूळ काय तपासणार? दौरे थेट नोव्हेंबरवर गेले. प्रशिक्षणाचं वेळापत्रक करताना हे धरून चाला : शिकवायचं ते पावसाळा संपता संपता, म्हणजे ऑक्टोबरपासून ते लगेच वापरता येतं. आम्ही फेब्रुवारीत शिकवलं आणि तीन महिन्यांत पाऊस आला. पुढची तुकडी आता सप्टेंबरअखेर आहे.

नोव्हेंबरात गेले तेव्हा शाळेच्या गच्चीवर मामांबरोबर एक नवा मुलगा होता. मामा मार्चमध्ये निवृत्त होणार आहेत. मुलाने चिमट्याने कागद उचलला, कडा चिकटल्या होत्या तिथे थांबला, पट्टीवरचा बारीक तुकडा सोडवला, पाकिटात टाकला आणि वहीत लिहिलं : "उ. कोपरा, तुकडा सोबत." मामा बाजूला उभे राहून नट आवळण्याचे वेढे मोजत होते. मोठ्याने, त्याला ऐकू जावं म्हणून.

त्याच आठवड्यात बाजारातले निरीक्षक भेटले. आता पावतीवर काय लिहायचं ते त्यांना नीट माहीत आहे. पण त्यांनी दुसरंच विचारलं. "मॅडम, दुकानदाराचं कळलं. रात्रपाळीचा वॉचमन शेकोटी पेटवतो त्याचं काय करू? टायरचे तुकडे टाकतो, प्लायवूड टाकतो, वास दोन गल्ल्या जातो. त्याला पाच हजारांची पावती फाडू? त्याचा पगार किती? आणि थंडी तर त्याला वाजतेच." पुस्तिकेत याला उत्तर नाही. मी डॉक्टरांना विचारलं, त्यांच्याकडेही नव्हतं. त्यांनी एवढंच सांगितलं की त्यांच्या हिवाळ्यातल्या रुग्णांत वॉचमन असतात.

पुढची बैठक १६ डिसेंबरला आहे. विषय क्रमांक ३ : रात्रीच्या शेकोट्या. विशेष निमंत्रित म्हणून दोन गृहसंकुलांचे वॉचमन आणि सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एका एजन्सीचे पर्यवेक्षक. वॉचमन रात्रपाळी करून येणार म्हणून बैठक सकाळी आठला ठेवली आहे. पत्रं काल गेली. सदस्यांना फोन १५ तारखेला करायचे आहेत.